पदवी मिळते, पण नागरिक कुठे घडतो?

शिकलेला माणूस आपोआप सुजाण नागरिक होतो, हा एक सोयीचा समज आहे. शाळा काढा, महाविद्यालये काढा, विद्यापीठांची संख्या वाढवा, की लोकशाही मजबूत झालीच म्हणून समजा, असे मानणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत आणि युरोपातही कमी नाहीत. परंतु युरोपच्या विद्यापीठांचा इतिहास या समजाला दुजोरा देत नाही. १० मे १९३३ च्या रात्री बर्लिनमध्ये विद्यापीठासमोरच्या चौकात हजारो पुस्तकांची होळी करण्यात आली. ती अडाण्यांनी पेटवली नव्हती. जर्मन विद्यार्थ्यांच्या देशव्यापी संघटनेने ठरवून, याद्या करून, अनेक विद्यापीठ-नगरांत ती मोहीम राबवली होती. विज्ञान, तत्त्वज्ञान आणि कायद्याच्या अभ्यासासाठी साऱ्या जगाने ज्यांच्याकडे पाहावे अशी ती विद्यापीठे होती. तेथेच शिकणारे तरुण मार्क्स, फ्रॉइड, रेमार्क यांची पुस्तके आगीत टाकत होते आणि काही प्राध्यापक त्यांच्यासमोर भाषणे ठोकत होते.

त्याच जर्मनीत दहा वर्षांनी, १८ फेब्रुवारी १९४३ रोजी, म्युनिक विद्यापीठात हिटलरविरोधी पत्रके टाकताना हान्स आणि सोफी शोल ही भावंडे पकडली गेली. खटला उरकून चौथ्या दिवशी, २२ फेब्रुवारीला, त्यांचा आणि त्यांचा सहकारी ख्रिस्तोफ प्रोब्स्ट याचा शिरच्छेद करण्यात आला. त्यांच्या गटातील प्राध्यापक कुर्ट हूबर यांनाही त्याच वर्षी जुलैमध्ये मृत्युदंड झाला. एकच देश, एकच शिक्षणपद्धती आणि फळे मात्र दोन. शोल भावंडे कधीकाळी हिटलरच्या युवक संघटनेत उत्साहाने सामील झाली होती. त्यांना बदलवले ते हिटलरला उघड विरोध करणाऱ्या वडिलांनी, मित्रांच्या वाचनमंडळाने आणि वैद्यकीय विद्यार्थी म्हणून हान्स व त्याच्या मित्रांनी पूर्व आघाडीवर डोळ्यांनी पाहिलेल्या अत्याचारांनी. विद्यापीठाने त्यांना एकत्र येण्याची जागा दिली. दृष्टी मात्र त्यांनी दुसरीकडून मिळवली.

म्हणून प्रश्न असा आहे, की विद्यापीठात शिकणाऱ्या तरुणाची नागरिक म्हणून वृत्ती नेमकी कशाने घडते? तो मतदानाला का जातो किंवा का जात नाही? अन्याय दिसला तर रस्त्यावर का येतो किंवा पडदा ओढून अभ्यासाला का बसतो? आज युरोपीय संघाच्या देशांत पावणेदोन कोटींहून अधिक तरुण उच्च शिक्षण घेत आहेत. उद्याचे न्यायाधीश, मंत्री, संपादक आणि अधिकारी यांच्यातूनच येणार आहेत. त्यामुळे हा प्रश्न पंडितांच्या चर्चेपुरता नाही. त्या समाजांचे भवितव्य त्यावर ठरणार आहे.

युरोपातील जवळपास सर्व देशांत पदवीधर लोक इतरांपेक्षा अधिक मतदान करतात, हे अभ्यासकांना फार पूर्वीपासून आढळले आहे. त्यावरून विद्यापीठाने त्यांना नागरिक बनवले असा निष्कर्ष घाईने काढला जातो. पण दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही, हे न्यायालयात पुरावा मांडणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. विद्यापीठात पोहोचणारा मुलगा बहुधा अशा घरातून येतो, जेथे वर्तमानपत्र येते, जेवताना राजकारणावर बोलणे होते, आई-वडील मतदानाला जातात आणि सरकारी कचेरीत जाऊन ताठ मानेने बोलू शकतात. म्हणजे नागरिकत्वाची शिदोरी तो घरूनच बांधून आणतो आणि श्रेय मात्र पदवीला जाते. हे मत आता तेथील अनेक अभ्यासक गांभीर्याने मांडतात. ते पूर्णपणे स्वीकारले नाही तरी त्यातून एक सवाल उभा राहतोच, तो म्हणजे विद्यापीठाचे दार कोणासाठी उघडे आहे?

युरोपात हे दार सर्वांसाठी कधीच सारखे उघडे नव्हते. १९२० मध्ये हंगेरीने कायदा करून विद्यापीठातील ज्यू विद्यार्थ्यांच्या संख्येवर मर्यादा घातली. पहिल्या महायुद्धानंतरच्या युरोपातील हा अशा प्रकारचा आरंभीचा कायदा होता. आजचा दारवान कायद्याची भाषा बोलत नाही. तो प्राथमिक शाळेतच उभा असतो. चेक प्रजासत्ताकातील ओस्त्रावा शहरात रोमा समाजाच्या मुलांना मतिमंदांसाठीच्या विशेष शाळांत टाकले जात होते. त्यांतील १८ मुलांनी युरोपीय मानवी हक्क न्यायालयात दाद मागितली. आधी २००६ मध्ये त्यांचा दावा फेटाळला गेला. परंतु १३ नोव्हेंबर २००७ रोजी न्यायालयाच्या महापीठाने १३ विरुद्ध ४ अशा बहुमताने निकाल दिला, की हा शिक्षणाच्या हक्कातील भेदभाव आहे. नियम वरवर सर्वांना सारखा असला तरी त्याचा मार एकाच समाजावर पडत असेल तर तो भेदभावच होय, आणि तो सिद्ध करण्यासाठी आकडेवारी हा पुरावा धरता येतो, हे या निकालाने मान्य केले. ज्या मुलाला सातव्या वर्षी मतिमंद ठरवले, तो अठराव्या वर्षी विद्यापीठाच्या वर्गात दिसणार कसा? आणि तो तेथे नसेल, तर त्या वर्गात बसलेल्या इतरांना आपल्या समाजाबद्दल काय समजणार? नागरिकत्वाची पहिली घडण बाकावर शेजारी कोण बसले आहे, यावरून होते.

हंगेरीतील शायोकाझा या गावात रोमा समाजातील कार्यकर्त्यांनी २००७ मध्ये डॉ. आंबेडकरांच्या नावाने शाळा सुरू केली, हे आपल्या वाचकांना माहीत आहे. ज्यांना माध्यमिक शिक्षण अर्धवट सोडावे लागले त्यांना परीक्षा उत्तीर्ण करून विद्यापीठाच्या दारापर्यंत नेणे, हे या शाळेचे काम. त्यांना बाबासाहेब सापडले ते पुस्तकातून. पण त्यांनी ते नाव घेतले ते भिंतीवर तसबीर लावण्यासाठी नव्हे. वगळलेल्या समाजाने शिकायचे आणि शिकून आपला आवाज स्वतः उठवायचा, ही त्या नावातली दिशा त्यांनी ओळखली.

दाराच्या आत गेल्यावर पुढचा प्रश्न पैशाचा. इंग्लंडमध्ये १९९८ मध्ये विद्यापीठाचे शुल्क सुरू झाले, तेव्हा ते वर्षाला १ हजार पौंडांपर्यंत होते. २००६ मध्ये ते ३ हजारांवर आणि २०१२ मध्ये ९ हजारांवर गेले. या अखेरच्या वाढीविरुद्ध २०१० च्या नोव्हेंबर-डिसेंबरात लंडनच्या रस्त्यांवर हजारो विद्यार्थी उतरले. तरीही ९ डिसेंबर २०१० रोजी पार्लमेंटने ३२३ विरुद्ध ३०२ मतांनी ती वाढ मंजूर केली. शुल्कवाढीला विरोध करू, असे निवडणुकीपूर्वी लेखी वचन देणाऱ्या लिबरल डेमोक्रॅट पक्षाच्या अनेक खासदारांनी सत्तेत जाताच वाढीच्या बाजूने मत दिले. २०१५ च्या निवडणुकीत तो पक्ष ५७ जागांवरून ८ जागांवर आला. या घसरणीला इतरही कारणे होती. पण दिलेला शब्द मोडल्याची किंमत त्यात होती, हे कोणी नाकारत नाही.

शुल्क वाढते तेव्हा विद्यार्थ्याचा खिसा रिकामा होतोच, शिवाय त्याची भूमिकाही बदलते. ब्रिटनमध्ये ग्राहक संरक्षणाचे कायदे विद्यापीठ आणि विद्यार्थी यांच्यातील करारालाही लागू होतात आणि स्पर्धा नियामक संस्थेने २०१५ मध्ये विद्यापीठांसाठी तशी मार्गदर्शिकाच काढली. त्यात विद्यार्थ्याचे काही संरक्षण आहे, हे कबूल केले पाहिजे. पण ग्राहक आणि नागरिक यांत मोठे अंतर आहे. ग्राहक विचारतो, की माझ्या पैशाच्या बदल्यात मला काय मिळाले? नागरिक विचारतो, की हा निर्णय कोणी घेतला, कोणाच्या हितासाठी घेतला आणि जो येथे येऊच शकला नाही त्याचे काय? डोक्यावर कर्ज घेऊन शिकणाऱ्याला आणि संध्याकाळी हॉटेलात भांडी घासून भाडे भरणाऱ्याला दुसरा प्रश्न विचारायला वेळ कुठून मिळणार? सभेला जाणे हीसुद्धा मग सधन घरच्या मुलांची चैन ठरते.

याच्या उलट जर्मनीचे उदाहरण आहे. २००५ मध्ये तेथील घटनात्मक न्यायालयाने शुल्कावरील केंद्राची बंदी रद्द केली आणि काही राज्यांनी सहामाहीला ५०० युरोपर्यंत शुल्क लावले. विद्यार्थी रस्त्यावर उतरले, संपावर गेले, पण तेथेच थांबले नाहीत. बव्हेरियात २०१३ च्या जानेवारीत शुल्काविरुद्ध लोकयाचिका झाली. त्यासाठी दोन आठवड्यांत दहा टक्के मतदारांनी सरकारी कार्यालयात जाऊन सही करावी लागते. सह्या त्याहून अधिक झाल्या आणि राज्याच्या विधिमंडळाला शुल्क रद्द करावे लागले. २०१४ पर्यंत सर्व जर्मन राज्यांतून हे शुल्क गेले. हे कसे घडले, ते नीट पाहण्यासारखे आहे. विद्यार्थ्यांनी आपला प्रश्न कामगार संघटना, पालक आणि राजकीय पक्ष यांच्यापर्यंत नेला, आणि राज्यघटनेने दिलेले एक साधन शेवटपर्यंत वापरले. साधन उपलब्ध होते म्हणून राग कायद्यात उतरला. साधन नसते तर तोच राग वांझ राहिला असता.

कायदा नागरिकाला घडवतो तसा त्याला वगळतोही, आणि बहुधा गाजावाजा न करता वगळतो. ब्रिटनमध्ये पूर्वी वसतिगृहातील सर्व विद्यार्थ्यांची नावे विद्यापीठ एकगठ्ठा मतदार यादीत देऊ शकत असे. २०१४ मध्ये प्रत्येकाने स्वतः नोंदणी करण्याची पद्धत आली. दरवर्षी खोली आणि पत्ता बदलणाऱ्या विद्यार्थ्यांना तिचा फटका बसणार, हे उघड होते. शेफील्ड विद्यापीठाने यावर उपाय काढला. प्रवेशाचा अर्ज भरतानाच मतदार नोंदणीचा प्रश्न विचारायचा. २०१७ च्या कायद्याने विद्यापीठांकडून असे सहकार्य मागण्याची तरतूदही झाली. तरुणांना राजकारणाचे वावडे आहे, असे म्हणणाऱ्यांनी आधी नोंदणीचा अर्ज कुठल्या खिडकीवर मिळतो ते पाहावे. पुष्कळदा उदासीनता मनात नसते. ती कार्यपद्धतीत असते.

ऑस्ट्रियाने २००७ मध्ये मतदानाचे वय १६ केले. २०२४ च्या युरोपीय संसदेच्या निवडणुकीत जर्मनी आणि बेल्जियमनेही तसेच केले. तरीही त्या निवडणुकीत २५ वर्षांखालील मतदारांचे मतदान संसदेच्या निवडणुकोत्तर पाहणीनुसार ३६ टक्के होते. २०१४ मध्ये ते २८ टक्के होते आणि हवामानाच्या प्रश्नावर शाळा-महाविद्यालयांतील मुले रस्त्यावर उतरली त्या २०१९ मध्ये ४२ टक्क्यांवर गेले होते. चढ-उताराचा हा हिशेब काय सांगतो? मताचा अधिकार दिल्याने दार उघडते. पण आपल्या मताने काही बदलेल असा अनुभव आल्याशिवाय तरुण त्या दारातून आत येत नाही.

हा अनुभव विद्यापीठातच मिळायला हवा. कागदावर तर त्याची सोय आहे. १९९९ मध्ये २९ देशांनी बोलोन्या येथे जाहीरनाम्यावर सह्या केल्या आणि युरोपच्या उच्च शिक्षणाची समान चौकट आखली. २००१ मध्ये प्राग येथील बैठकीत मंत्र्यांनी विद्यार्थ्यांना शिक्षणसमूहाचे पूर्ण सदस्य मानले. युरोप परिषदेने २००७ मध्ये उच्च शिक्षणाची जी उद्दिष्टे सांगितली, त्यांत रोजगाराच्या तयारीबरोबरच लोकशाही समाजातील सक्रिय नागरिकत्वाची तयारीही आहे. परंतु ऑस्ट्रियातील विद्यार्थी संघ पाहा. तो कायद्याने स्थापन झालेला आहे, प्रत्येक विद्यार्थी त्याचा सदस्य असतो, परदेशी विद्यार्थ्यालाही तेथे मत आहे. इतके असून २०२१ आणि २०२३ च्या निवडणुकांत एक चतुर्थांश मतदारही फिरकले नाहीत. त्याच ऑस्ट्रियात २००९ च्या ऑक्टोबरात व्हिएन्ना विद्यापीठाचे मुख्य सभागृह विद्यार्थ्यांनी ताब्यात घेतले, तेव्हा ते आठवडेच्या आठवडे गजबजलेले होते. याचा अर्थ तरुणांना चर्चा नको आहे असा नाही. जेथे आपले म्हणणे ऐकून घेऊन बाजूला ठेवले जाते, तेथे त्यांना जायचे नाही.

शाळेतील मुलांचा एक मोठा आंतरराष्ट्रीय अभ्यास १९९९ मध्ये २८ देशांत झाला. चौदा वर्षांच्या सुमारे ९० हजार मुलांची त्यात पाहणी झाली. त्यात असे आढळले, की ज्या वर्गात मुलांना आपले मत मांडण्याची, शिक्षकाशी असहमत होण्याची मोकळीक असते, त्या वर्गातील मुलांचे नागरिकशास्त्राचे ज्ञान आणि पुढे मतदान करण्याची तयारी, दोन्ही अधिक असतात. पाठ करून घेतलेल्या नागरिकशास्त्रापेक्षा वर्गात विचारू दिलेला एक प्रश्न मोलाचा, असा त्याचा साधा अर्थ. जो मुलगा चौदाव्या वर्षी गुरुजींना का म्हणून विचारू शकला नाही, तो विसाव्या वर्षी सरकारला काय विचारणार?

हे सारे एकत्र कसे येते, ते अलीकडे सर्बियाने दाखवले. १ नोव्हेंबर २०२४ रोजी नोवी साद शहरात, नूतनीकरण करून नुकत्याच खुल्या केलेल्या रेल्वे स्थानकाचे काँक्रीटचे छत कोसळले. त्या दिवशी १४ माणसे मेली आणि पुढे जखमींपैकी दोघे गेले. एकूण १६ बळी. भ्रष्टाचार माणसे मारतो, ही घोषणा तेथून उठली. २२ नोव्हेंबरला बेलग्रेडच्या नाट्यकला विद्याशाखेचे विद्यार्थी मृतांसाठी रस्त्यावर मूकपणे उभे असताना त्यांच्यावर हल्ला झाला. त्यांनी आपली विद्याशाखा बंद पाडली आणि काही आठवड्यांत देशातील बहुतेक विद्याशाखांत ते लोण पसरले. दुर्घटनेच्या वेळेला, ११ वाजून ५२ मिनिटांनी, ठिकठिकाणी रहदारी थांबू लागली आणि प्रत्येक मृतासाठी एक मिनिट शांतता पाळली जाऊ लागली.

त्यांच्या मागण्या पाहा. स्थानकाच्या कामाची सर्व कागदपत्रे जाहीर करा. हल्लेखोरांवर कारवाई करा. पकडलेल्या आंदोलकांवरील खटले मागे घ्या. विद्यापीठांचा निधी २० टक्क्यांनी वाढवा. सरकार उलथवण्याची भाषा त्यात नाही. संस्थांनी आपले काम करावे, वकिलाने फिर्याद करावी, न्यायालयाने निकाल द्यावा, कचेरीने कागद दाखवावा, एवढेच त्यांचे म्हणणे होते. आणि एवढेच म्हणणे सत्तेला सर्वांत अवघड गेले. २८ जानेवारी २०२५ रोजी पंतप्रधान मिलोश वुचेविच यांनी राजीनामा जाहीर केला. १५ मार्च २०२५ च्या बेलग्रेडमधील सभेला स्वतंत्र मोजणी करणाऱ्यांच्या अंदाजाने तीन लाखांच्या आसपास लोक जमले. सुमारे ६६ लाख लोकसंख्येच्या देशात ही केवढी मोठी गोष्ट आहे! सुमारे ८० विद्यार्थी सायकलवरून स्ट्रासबुर्गला गेले, काही धावत ब्रसेल्सला गेले, कारण युरोपच्या संस्थांनी आपली दखल घ्यावी असे त्यांना वाटत होते.

या मुलांनी पुढारी निवडला नाही. त्यांनी निवडली ती सभा. प्रत्येक विद्याशाखेची आमसभा, तिला ते प्लेनम म्हणतात. तेथे पहिल्या वर्षाच्या मुलीचे मत आणि शेवटच्या वर्षाच्या मुलाचे मत सारखे. बोलण्याचा क्रम ठरलेला, सभा चालवणारे बदलते, हात वर करून निर्णय. बाहेर बोलायला जो जातो तो सभेचा निरोप्या. स्वतःच्या मनाने तडजोड करण्याचा अधिकार त्याला नाही. ही रीत आकाशातून पडली नाही. शेजारच्या क्रोएशियात २००९ च्या वसंतात झाग्रेबच्या मानव्यविद्या शाखेत विद्यार्थ्यांनी मोफत शिक्षणासाठी ३५ दिवस आमसभेच्या बळावर विद्याशाखा चालवली होती आणि तो अनुभव पुस्तिकेच्या रूपाने लिहून ठेवला होता. सर्बियातील मुलांना तो कामी आला. शिवाय १९९६-९७ च्या हिवाळ्यात चोरलेल्या निवडणुकीविरुद्ध महिनोन्‌महिने चाललेले मोर्चे आणि ५ ऑक्टोबर २००० ला कोसळलेली मिलोशेविचची सत्ता, याच्या आठवणी त्यांच्या आई-वडिलांच्या पिढीकडे होत्या. अनुभव लिहून ठेवला, तर पुढच्या पिढीला शून्यापासून सुरुवात करावी लागत नाही. चळवळींनी हा धडा मनावर घ्यावा असा आहे.

त्याची किंमतही मोजावी लागली. परीक्षा लांबल्या, वर्ष वाया जाण्याची भीती राहिली, साथ देणाऱ्या प्राध्यापकांच्या पगाराला कात्री लागली. सत्ता विद्यापीठाला घाबरते तेव्हा आधी त्याची आर्थिक नाडी दाबते आणि मग कायद्याची कात्री आणते. हंगेरीत एप्रिल २०१७ मध्ये केलेल्या कायद्यामुळे सेंट्रल युरोपियन युनिव्हर्सिटीला बुडापेस्टमधून आपले मुख्य अभ्यासक्रम व्हिएन्नाला हलवावे लागले. युरोपीय न्यायालयाने तो कायदा ऑक्टोबर २०२० मध्ये युरोपीय कायद्याशी विसंगत ठरवला. पण तोवर विद्यापीठ गेले होते. न्याय मिळाला, पण उशिरा. आणि उशिराचा न्याय रिकाम्या वर्गात विद्यार्थी परत आणू शकत नाही. विद्यापीठाची स्वायत्तता हा प्राध्यापकांच्या प्रतिष्ठेचा विषय आहे असे मानणाऱ्यांनी यावर विचार करावा. ती गेली की विद्यार्थ्याला नागरिकत्वाचा सराव करण्याची जागाच उरत नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. सक्रिय असणे म्हणजेच चांगला नागरिक असणे काय? १९३३ चे पुस्तके जाळणारे विद्यार्थीही सक्रियच होते. १९३० च्या दशकात पोलंडच्या विद्यापीठांत राष्ट्रवादी विद्यार्थ्यांनी आंदोलन करून मागणी केली, की ज्यू विद्यार्थ्यांना वर्गात वेगळे बसवा. ल्वूव येथील तंत्रविद्यापीठात १९३५ मध्ये हे सुरू झाले आणि १९३७ मध्ये सरकारने विद्यापीठप्रमुखांना तशी मुभा दिली. ज्यू विद्यार्थ्यांसाठी डाव्या बाजूचे बाक राखले गेले. अनेक ज्यू विद्यार्थ्यांनी त्या बाकांवर बसायला नकार दिला आणि व्याख्यान संपेपर्यंत ते उभे राहिले. त्यांच्यासोबत काही पोलिश विद्यार्थी आणि मोजके प्राध्यापकही उभे राहिले. वर्गात वेगळे बसवण्याचा अर्थ आपल्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. संघटन तेच, मोर्चा तोच, घोषणांचा आवेशही तोच. पण समतेचे अधिष्ठान नसेल तर तरुणांची शक्ती दुबळ्याच्या छातीवर पाय देते.

म्हणूनच सर्बियातील एक गोष्ट मला आमसभांपेक्षाही मोठी वाटते. नोवी पाझार हे मुस्लिम बोस्नियाक बहुसंख्य असलेले शहर. १९९० च्या दशकातील युद्धांनी सर्ब ख्रिस्ती आणि बोस्नियाक मुस्लिम यांच्यात रक्ताची रेघ ओढली होती. त्या शहरातील विद्यापीठाचे विद्यार्थी या आंदोलनात उतरले, सर्ब विद्यार्थ्यांबरोबर चालले आणि सर्ब गावांनी त्यांचे स्वागत केले. शाळेतील कोणत्याही पाठाने जे केले नव्हते, ते एकत्र चाललेल्या रस्त्याने केले. स्वातंत्र्य आणि समता यांना बंधुतेशिवाय टिकाव नाही, हे बाबासाहेबांनी आपल्याला पुन:पुन्हा सांगितले आहे. त्याचा पुरावा आज बाल्कनच्या रस्त्यांवर मिळतो आहे.

येथे बाबासाहेबांच्या विद्यार्थी जीवनाची एक बाब आठवणे योग्य ठरेल. १९१६ मध्ये ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले, शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने त्यांना १९१७ मध्ये परतावे लागले आणि १९२० मध्ये ते पुन्हा गेले. या दोन वाऱ्यांच्या मध्ये, लंडनचे शिक्षण अर्धवट असताना, १९१९ मध्ये त्यांनी साउथबरो समितीपुढे मताधिकारावर साक्ष दिली. प्रतिनिधित्वाचा हक्क आणि राज्याच्या सेवेत अधिकारपद मिळवण्याचा हक्क, हे नागरिकत्वाचे सर्वांत महत्त्वाचे हक्क होत, अशी त्यांची मांडणी होती. युरोपातील विद्यापीठांचा शंभर वर्षांचा अनुभव या मांडणीपाशीच येऊन पोहोचतो. निर्णयात वाटा मिळाला की माणूस नागरिक होतो. वाटा नाकारला की तो प्रजा राहतो, मग त्याच्या हातात कितीही मोठी पदवी असो.

आज महाराष्ट्रातील बौद्ध आणि बहुजन समाजातील अनेक मुले-मुली शिष्यवृत्तीवर लंडन, एडिनबरा, बर्लिनकडे जात आहेत. त्यांना आणि त्यांच्या पालकांना दोन शब्द. अठरा वर्षे पूर्ण केलेला आणि ब्रिटनमध्ये कायदेशीर वास्तव्य करणारा भारतीय विद्यार्थी राष्ट्रकुलाचा नागरिक म्हणून तेथील मतदार यादीत नाव नोंदवू शकतो आणि पार्लमेंटच्या निवडणुकीतही मत देऊ शकतो. कित्येकांना हे माहीतच नसते. नाव नोंदवा. विद्यार्थी संघाच्या सभेला जा, प्रतिनिधी म्हणून उभे राहा, ठराव कसा लिहितात, दुरुस्ती कशी सुचवतात, अल्पमतात असताना आपले म्हणणे कसे नोंदवून ठेवतात, हे शिका. कँटीनमध्ये आपल्याच भाषेच्या टेबलावर तीन वर्षे काढू नका. तेथील रोमा, कृष्णवर्णीय, निर्वासित विद्यार्थी काय म्हणतात ते ऐका. आणि आपल्याच देशबांधवांच्या घोळक्यात जात विचारली गेली, तर गप्प बसू नका.

जे येथेच शिकत आहेत त्यांनाही हे लागू आहे. नागरिकत्व परदेशी जाऊन मिळणारी वस्तू नव्हे. आपल्या वसतिगृहाची समिती, शिष्यवृत्ती अडली तर माहिती अधिकाराखाली टाकलेला अर्ज, ग्रामसभेत विचारलेला प्रश्न, हाच त्याचा सराव. शिकण्याला बाबासाहेबांनी संघटनेची आणि संघर्षाची जोड दिली ती उगाच नव्हे. संविधानिक नीती निसर्गत: येत नाही, ती जोपासावी लागते, असे त्यांनी संविधान सभेत बजावले होते. बर्लिनच्या चौकातील आगीने ते खरे ठरवले, म्युनिकच्या दोन भावंडांनी आपल्या मानेने खरे ठरवले आणि सर्बियाच्या मुलांनी रोज ११ वाजून ५२ मिनिटांनी रस्त्यावर उभे राहून खरे ठरवले. पदवी विद्यापीठ देते. नागरिक मात्र ज्याचा त्याने, चारचौघांत उभे राहून, व्हायचा असतो.